अर्जातले अवघड शब्द

कळंबच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा मॅट्रिकला एकदा नापास झालेलो होतो. बाकी सगळे विषय निघाले होते, इंग्रजी राहिलं होतं. नापास माणूस मास्तर होतो याचं तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. खालच्या वर्गांना मिडल पास झालेला चालायचा. पण मॅट्रिकशिवाय वरच्या वर्गावर जाता येत नव्हतं. बेंबळीला वडील होते, शेत होतं. सुट्टीत गेलो की ते विचारायचे, "आजून कितींदा बसणार त्या परीक्षेला?"

"पास होईस्तोर," मी म्हणायचो.

मग ते बैलांना पेंड घालायला उठून जायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

इंग्रजीची माझी अडचण दुहेरी होती. निजामाचं राज्य, त्यामुळं शिक्षण उर्दूतून झालेलं. घरात मराठी, तीही बेंबळीची, रानातली. इंग्रजी शब्द समोर आला की आधी त्याचा उर्दू अर्थ पाठ करायचा आणि मग तो उर्दू शब्द म्हणजे आपल्या बोलीत काय, हे आपलं आपणच ठरवायचं. एवढं करेपर्यंत मूळ शब्द निम्मा सांडलेला असायचा.

मी त्यावर एक उपाय काढला होता. एक जुनी डिक्शनरी मिळवली होती आणि ती पहिल्या पानापासून पाठ करायला घेतली होती. एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या वऱ्हांड्यात डोळे मिटून पुटपुटत बसलो होतो, तेव्हा मास्टरसाब समोर येऊन उभे राहिले.

मास्टरसाब म्हणजे शाळेचे सदर मास्तर, मुख्याध्यापक. वरच्या वर्गांना इंग्रजी तेच शिकवायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, शेरवानीच्या एका कोपराला ठिगळ. त्यांना दमा होता. बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबायचे, श्वास घ्यायचे आणि जिथं थांबले तिथूनच पुढं बोलायचे. मुलांना त्याची सवय झाली होती. कुणी हसत नसे.

"कुठपर्यंत आलात?" त्यांनी विचारलं.

"'ए'पुढं 'बी' येतो तेवढे शब्द झाले, साहेब."

"कधीपासून बसलाय?"

"दिवाळीपासून."

ते हसले नाहीत. माझ्या शेजारी टेकले. "लफ्ज असा एकेकटा धरून आणला की राहत न्हाय तो. त्याला बी खानदान असतं. किताब, कातिब, मकतब, मकतूब. हे कुठून आले सांगा."

"लिहिण्यातून."

"बस. इंग्रजीचं बी तसंच हाय. आई धरा, लेकरं मागं येतात. शाळा सुटल्यावर थांबत जा."

असं आमचं सुरू झालं. महायुद्धाचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या कोऱ्या बाजू मी सुईदोऱ्यानं शिवल्या आणि वही केली. प्रत्येक पानावर तीन रकाने: इंग्रजी, उर्दू, मराठी. 'बेने' म्हणजे चांगलं, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. त्यातून बेनिफिट, बेनेव्होलंट, बेनेडिक्शन. 'मॅल' म्हणजे वाईट. त्यातून निघालेले शब्द बेनेच्या दुप्पट भरले. मास्टरसाब म्हणाले, "वाईटाला लफ्ज नेहमी जास्त लागतात."

तिसरा, मराठीचा रकाना बहुतेक रिकामा राहायचा. उर्दूत अर्थ कळायचा, पण आमच्या घरात तसं कुणी म्हणतच नसे. मास्टरसाब त्यावर अडून बसायचे. "तुमची आई काय म्हणते ते लिहा. ती जे म्हणत न्हाय ते तुम्हाला अजून आलेलं न्हाय."

शाळेतून निघून आम्ही अडत बाजारातून चालत जायचो. त्यांचा नेम असा की रोज पाचच शब्द घ्यायचे आणि घरी जाण्याआधी पाचही शब्द कशाला तरी लावून दाखवायचे. ज्वारीच्या पोत्यात हात घालून ते मला विचारायचे, "हे स्कँटी का अबंडंट?" सरकार लेव्हीत धान्य उचलून न्यायचं त्या दिवसांत अबंडंट, म्हणजे मुबलक, म्हणायला बाजारात काही सापडत नसे. एका अडत्याच्या डाळीत खडे निघाले तेव्हा 'ॲडल्टरेट' शिकलो. तो अडत्या आमच्याकडं संशयानं बघत होता.

त्यांना फार आवडायचे ते एकमेकांच्या शेजारी बसणारे शब्द. एका दिवशी त्यांनी मागण्याचे चार शब्द दिले. "रिक्वेस्ट म्हणजे गुजारिश. एन्ट्रीट म्हणजे इल्तिजा. इम्प्लोअर म्हणजे मिन्नत, त्यात माणूस रडकुंडीला आलेला असतो."

"आणि बिसीच?"

त्यांनी श्वास घेतला. "त्यात त्याची टोपी खाली पडलेली असते आणि ती उचलायचं बी त्याला भान न्हाय."

मी माझ्या रकान्यात लिहिलं: विनंती, विनवणी, गयावया, पाया पडणं. ते चारही शब्द त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचले आणि मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा एकही रकाना रिकामा राहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात येत नव्हती. आम्ही शब्द वाचत होतो, लिहीत होतो, एकमेकांना म्हणून दाखवत होतो. पण इंग्रजी ज्याच्या तोंडात रोजची आहे असा माणूस कळंबला नव्हताच. मास्टरसाबांनी हैदराबादेत असताना एका गोऱ्या इंजिनिअरला लांबून बोलताना ऐकलं होतं, तेवढंच. अक्षरं जशी लिहिली होती तसे आम्ही उच्चार करायचो आणि त्यात आम्हाला काही चुकीचं वाटत नसे.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा नापास झालो. मास्टरसाब म्हणाले, निबंधात दाखवण्यासाठी शब्द वापरले असतील. ते खरं होतं. तिसऱ्या खेपेला धाराशिवला जाऊन पेपर दिला आणि पास झालो. बातमी सांगायला गेलो तेव्हा मास्टरसाबांनी मला घरात बसवलं, पडद्याआडून त्यांच्या बायकोनं, बीबीसाबनी, चहा पाठवला. "आता खरं शिकायला लागा," ते म्हणाले. "आता परीक्षा न्हाय." आम्ही पुढं चालू ठेवलं. रोज पाच.

त्यानंतरचं वर्ष सांगायला मला जड जातं. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आमच्याकडं मात्र निजामाचंच राज्य चालू होतं. रझाकारांचे जथे खेड्यापाड्यांतून फिरायला लागले. गावोगावची माणसं पोराबाळांसह हद्द ओलांडून बार्शीकडं जायला लागली. वडिलांचा निरोप आला, तूही नीघ. मी निघालो नाही. धाडस होतं म्हणून नव्हे. नोकरी सुटली तर परत मिळणार नाही एवढंच डोक्यात होतं.

मास्टरसाबांबरोबर बाजारातून चालणं आपोआप बंद झालं. त्यांच्या लोकांना ते आवडत नव्हतं, आमच्या लोकांनाही नव्हतं. तरी मी त्यांच्या घरी जायचो, आणि दार लावून आम्ही वही उघडायचो.

मग एका दुपारी बाजारातून रझाकारांचा मोर्चा निघाला. मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभा होतो. घोषणा चालल्या होत्या. मोर्चाच्या अगदी शेवटी, सरकारी नोकरांच्या घोळक्यात, मास्टरसाब होते. हातात काही नव्हतं. तोंड मिटलेलं होतं. चालताना दम लागत होता म्हणून ते मागं पडत होते, आणि कुणीतरी त्यांना कोपरानं पुढं ढकलत होतं. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते घाबरून गेले होते हे मला त्याच क्षणी, त्या ओट्यावर उभं असतानाच कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरीही मी गेलो नाही. शाळेत सलाम घालायचो, तेही सलाम घ्यायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही की का येत नाही. काही महिने असे गेले.

भाद्रपदात हिंदी फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोकांनी गुलाल उधळला. मीही उधळला. त्याच आठवड्यात आसपासच्या गावांतून ज्या बातम्या यायला लागल्या त्या ऐकून गुलाल धुऊन टाकावासा वाटला. आधी एका बाजूची माणसं पळत होती, आता दुसऱ्या बाजूची पळायला लागली. बऱ्याच जणांना पकडून नेलं. त्यात रझाकार होते आणि नुसते मुसलमानही होते. कुणीतरी मास्टरसाबांचं नाव दिलं. मोर्चात होते म्हणून सांगितलं. त्यांना धाराशिवला नेलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बीबीसाब माझ्या खोलीच्या दारात आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. बुरख्याआडून त्या म्हणाल्या, "मास्टर, तुमकू अंग्रेजी आती. वहाँ का साब सिरफ अंग्रेजी समजता बोलते. एक अर्जी लिख देव."

"लिहितो," मी म्हणालो.

त्या गेल्या नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, "उनकी दवा बी इधरच रह गई."

तो अर्ज लिहायला मी दोन दिवस घेतले. वही उघडली आणि जे जे शिकलो होतो ते सगळं ओतलं. मास्टरसाबांना बेनेव्होलंट म्हटलं, मॅग्नॅनिमस म्हटलं. ते 'अकॉम्प्लिश्ड' विद्वान आहेत असं लिहिलं. म्हणजे विद्येत मुरलेले. शेवटी रिक्वेस्ट न करता बिसीच केलं. मोर्चाचा उल्लेख टाळता येत नव्हता, तर काही दुर्दैवी परिस्थितीच्या अपरिहार्य रेट्यामुळं, असं काहीतरी लांबलचक लिहून त्याच्यावरून घसरलो. मी स्वतः ओट्यावरून पाहिलं होतं, हे लिहिलं नाही. ते लिहायचं तर तेव्हा मी काय केलं, नंतर काय केलं, हेही मनात यायचं. मोठ्या शब्दांचा तो एक उपयोग मला तेव्हा समजला. त्यांच्यामागं उभं राहता येतं.

लिहून झाल्यावर अर्ज मला सुंदर वाटला, हे कबूल करायला हवं. मास्टरसाबांनी वाचला तर खूश होतील, असं वाटलं. कच्चा मसुदा बीबीसाबकडं दिला आणि त्यांच्याकडून औषधाची बाटली घेऊन धाराशिवला गेलो.

कचेरीत गर्दी होती. माझा नंबर लागला तेव्हा ऊन चढलं होतं. अधिकारी मद्रासकडचा असावा. तरुण होता, थकलेला होता, उद्धट नव्हता. शेजारी सोलापूरकडचा एक कारकून उभा होता. अधिकाऱ्यानं अर्ज वाचायला घेतला, मधेच थांबला, पान उलटून किती उरलंय ते पाहिलं आणि खाली ठेवला. मग माझ्याशी बोलायला लागला.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं सरळ, भरभर इंग्रजी बोलताना ऐकत होतो. माझं नाव, माझं काम, एवढं समजलं. नंतर शब्द एकमेकांत मिसळून गेले. त्यातले बरेच माझ्या वहीत असणार होते, पण कानाला एकही ओळखीचा लागेना. मग एका प्रश्नात मला ओळखीचा शब्द सापडला. त्यानं विचारलं होतं, तो माणूस अकंप्लि— की काय. मला हायसं वाटलं. माझ्याच अर्जातला शब्द. अकॉम्प्लिश्ड. विद्वान आहेत का, विचारतोय.

"येस सर," मी म्हणालो. "व्हेरी मच, सर."

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा सावकाश. मला वाटलं, खात्री करून घेतोय.

"येस सर. एव्हरीबडी नोज, सर."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

कारकून माझ्या मागोमाग बाहेर आला. "अहो मास्तर, तुम्ही त्यांना सोडवायला आलात का अडकवायला?"

"का? काय झालं?"

"साहेबांनी विचारलं, हा रझाकारांचा अकंप्लिस होता का. साथीदार. गुन्ह्यातला साथीदार. तुम्ही म्हणालात, हो, अगदी. सगळ्यांना ठाऊक आहे."

माझ्या वहीत तो शब्द होता. आम्ही त्याला 'अकॉम्प्लाइस' म्हणायचो.

मी परत आत जायला निघालो, तर दारावरच्या शिपायानं अडवलं. साहेब उठले होते. मी पायरीवर बसलो. कारकुनाला दया आली असावी. त्यानं एक कागद आणि पेन्सिल आणून दिली. "लिहा, मी फायलीला लावतो. साधं लिहा."

मी तिथंच मांडीवर कागद धरून लिहिलं. हे आमचे सदर मास्तर आहेत. ते एकदा मोर्चात गेले होते. मी ते पाहिलं. ते सगळ्यांत मागं होते आणि घाबरलेले होते. त्यांनी कुणालाही त्रास दिलेला नाही. त्यांना दमा आहे. तुमचा प्रश्न मला समजला नाही, माझं उत्तर चुकीचं आहे. हे लिहायला मला पाणी प्यायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. सगळे शब्द इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातले होते.

औषधाची बाटली कारकुनानं ठेवून घेतली. पोचवतो म्हणाला.

आठवड्यानं पुन्हा गेलो तर अधिकारी बदलला होता. कारकूनही दिसला नाही. नव्या माणसानं फाइल बघू म्हणून सांगितलं. बीबीसाबना मी एवढंच सांगितलं की अर्ज दिला आहे.

मास्टरसाब सुटले ते हिवाळा संपल्यावर, इतर पुष्कळ जणांबरोबर. माझ्या कुठल्या कागदामुळं सुटले असं काही नव्हतं. माझ्या उत्तरामुळं ते जास्त दिवस आत राहिले का, हे मला कधीच कळलं नाही. विचारणार कुणाला?

मी भेटायला गेलो तेव्हा ते बाजेवर बसले होते, पाठीला गोधडीचं गाठोडं लावून. चेहरा ओळखू येत नव्हता. श्वासाचा आवाज दारापर्यंत यायचा. त्यांच्या हातात माझा कच्चा मसुदा होता.

"बसा," ते म्हणाले. "इथं 'दि' लिहायचा राहिला तुमचा." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग बराच वेळ वाचत राहिले. "लफ्ज बरोबर आहेत. सगळे बरोबर. पण मास्टर, यात मी कुठं हाय?"

मी त्यांना मग सगळं सांगितलं. ओट्यावरचं, घरी येणं बंद केलं ते, आणि त्या दोन शब्दांचं. काहीही राखून ठेवलं नाही.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अकंप्लिस म्हणाला तो?"

"हो."

"अकॉम्प्लाइस न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला. मग त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. बीबीसाब पाणी घेऊन धावत आल्या आणि पडद्याचं त्यांना भान राहिलं नाही. खोकला थांबल्यावर ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. त्यांनी मला माफ केलं का, ते रागावले होते का, की मोर्चाच्या आठवणीनं त्यांनाच माझ्याकडं बघवत नव्हतं, हे आजही मला सांगता येणार नाही.

त्यांची जागा भरली गेली होती. वरच्या वर्गाचं इंग्रजी माझ्याकडं आलं होतं, कारण कळंबच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत इंग्रजी झालेला तेव्हा मी एकटाच उरलो होतो. ज्यासाठी इतकी वर्षं धडपडलो ते असं हाती आलं. पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसलो नाही, उभ्यानंच शिकवलं. पुढं पाय दुखायला लागले तेव्हा बसलो.

उन्हाळ्यात मास्टरसाब आणि बीबीसाब हैदराबादला मुलीकडं निघून गेले. ते गेल्याचं मला शाळेत कळलं. निरोप घ्यायला ते आले नव्हते आणि मीही त्या महिन्यात त्यांच्या गल्लीत गेलो नव्हतो.

शाळा मराठी झाली. मुलं आता इंग्रजी शब्दापुढं सरळ मराठी अर्थ लिहायला लागली. वडील एकदा बाजाराला आले होते तेव्हा वर्गाच्या खिडकीशी उभे राहून ऐकून गेले. मला नंतर म्हणाले, "लई जोरानं बोलतोस."

दोन वर्षांनी एक कार्ड आलं. उर्दूत, मुलीच्या हातचं. अब्बा पावसाळ्यात गेले, दम्यानंच गेले, एवढं लिहिलं होतं. शाळेच्या पत्त्यावर आलेलं ते कार्ड दोन दिवस कचेरीत पडून होतं, कारण नवीन आलेल्या मास्तरांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं. शिपायानं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि विचारलं, "कुणाचं हाय?"

"माझं हाय," मी म्हणालो.

उत्तर उर्दूतच लिहिलं. हाताची सवय मोडली होती, अक्षर वाकडं आलं. कार्डावरचा पत्ता पावसानं पुसट झाला होता, जमेल तसा लावून लिहिला आणि टपालात टाकलं. ते पोचल्याचं काही कळलं नाही.